भीमेच्या पाण्याचा ताळेबंद



उन्हाळ्याच्या संध्याकाळी एकत्र बसून निरनिराळ्या विषयांवरील व्याख्याने ऐकण्याची आपल्या पुण्याची प्रथा जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली तिचा आरंभ केला. अशा व्यासपीठावर बोलण्यासाठी आम्ही पाण्याचा विषय घेतला. वैशाखाच्या दिवसांत त्याचे कारण फोड करून सांगावे लागेल असे आम्हांला वाटत नाही. धरणांच्या पाण्याची टक्केवारी या दिवसांत आपण रोज सकाळी चहाबरोबर वाचतो, चुकचुकतो आणि पान उलटतो. त्या टक्केवारीच्या मागे काय हिशेब असतो, तो कोण मांडतो आणि तो मांडताना कोणता रकाना कोरा राहतो, एवढेच आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

व्यापाऱ्याचे वर्ष एके काळी दिवाळीला संपे, आता ते मार्चअखेर संपते. पाटबंधारे खात्याचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते. त्यात एक तारीख मोठ्या महत्त्वाची आहे, ती १५ ऑक्टोबर. त्या दिवशी खरीप हंगाम संपून रब्बी सुरू झाला असे धरतात, आणि पावसाळा आटोपला असे मानून धरणांतील साठा मोजतात. पुढील साडेआठ महिन्यांची सगळी मिळकत त्या दिवशी हातात आलेली असते. नोकरदाराला पगार महिन्याच्या महिन्याला मिळतो. आपल्या नदीला मात्र पगार वर्षातून एकदाच मिळतो, आणि त्यात पुढचा आषाढ उजाडेपर्यंत भागवावे लागते. ही गोष्ट आपल्या आजीला ठाऊक होती. म्हणूनच घरात वर्षाचे धान्य भरताना ती माणसे मोजून पायली-पायलीचा हिशेब करीत असे.

हिशेबाला आधी माप हवे. धरणाचे पाणी आपल्याकडे टीएमसीत मोजतात. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी. लिटरमध्ये सांगायचे तर ते सुमारे २,८३१ कोटी लिटर होते. एवढ्या मोठ्या आकड्याने डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही, म्हणून दुसऱ्या रीतीने सांगतो. दर माणशी दर दिवशी १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचे मान्य प्रमाण आहे. त्या प्रमाणाने एक टीएमसी पाणी सुमारे पावणेसहा लाख माणसांना वर्षभर पुरते. हे माप मनात ठेवले म्हणजे पुढचे आकडे नुसते आकडे वाटणार नाहीत.

आता जमेची बाजू पाहू. भीमा भीमाशंकराच्या डोंगरात उगम पावते आणि ८६१ किलोमीटरांचा प्रवास करून कर्नाटकात रायचूरच्या बाजूला कृष्णेला मिळते. इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड, नीरा, माण, सीना या तिच्या उपनद्या. देहू आणि आळंदी इंद्रायणीच्या काठी, पंढरपूर भीमेच्या काठी. आळंदीच्या घाटावरून गेलेले पाणी शेवटी चंद्रभागेत पोचते, म्हणजे पालखीच्या वाटेने माणसे जातात आणि नदीच्या वाटेने पाणी जाते. एकाच खोऱ्याची ही दोन टोके आहेत, हे वारकऱ्याला सांगावे लागत नाही. नळाखाली बादली धरणाऱ्या आपल्याला मात्र ते आठवावे लागते.

या खोऱ्यावर पाऊस पडतो तो फार विषम. सह्याद्रीच्या माथ्यावर, लोणावळा-मुळशीच्या बाजूला, वर्षाला चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस होतो. तेथून पुण्यापर्यंत यावे तो तो सातशेवर येतो. पुढे दौंड, इंदापूर, सोलापूर या मुलखात पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पडला तरी लोक देवाला नारळ फोडतात. मेघ घाट चढताना रिकामे होतात आणि पूर्वेकडे उरलेसुरले घेऊन जातात. म्हणजे या खोऱ्याचे खरे उत्पन्न पश्चिमेच्या एका अरुंद पट्ट्यातून, मावळातून येते, आणि खर्च करणारी बहुतेक जमीन पूर्वेला, देशावर आहे. मावळात शेत थोडे आणि पाणी उदंड, देशावर जमीन उदंड आणि पाणी थोडे. या दोहोंची गाठ नदी घालते, आणि नदीला चार महिन्यांत जे द्यायचे ते बारा महिने पुरावे म्हणून माणसाने धरणे बांधली.

धरणांचा इतिहास सांगत बसलो तर आजची संध्याकाळ पुरणार नाही, म्हणून मोजकेच टप्पे सांगतो. सोलापूरजवळचा एकरूखचा तलाव १८७१ सालचा. त्याच दशकात पुण्याजवळ खडकवासल्याचे धरण उभे राहिले. कॅप्टन फाइफ यांच्या नावावरून जुने लोक त्याला लेक फाइफ म्हणत. भाटघरचे लॉइड धरण १९२७-२८ सालचे. पानशेत १२ जुलै १९६१ रोजी फुटले, खडकवासलाही त्या लोंढ्याने भगदाडले आणि पुण्यात पूर आला. पुढे दोन्ही धरणे पुन्हा उभी राहिली आणि वरसगाव व टेमघर यांची त्यांत भर पडली. आज खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचा मिळून उपयुक्त साठा २९.१५ टीएमसी आहे. खाली १९८० साली उजनीचे मोठे धरण पुरे झाले. घोड आणि कुकडी, पवना आणि भामा यांवरही धरणे झाली. एवढी धरणे असलेले खोरे महाराष्ट्रात क्वचितच दुसरे सापडेल. तरीही दर तीन-चार वर्षांनी या खोऱ्यात टँकर का धावतात, हा आजच्या व्याख्यानाचा खरा प्रश्न आहे.

उत्तर शोधायला उजनीपासूनच सुरुवात करणे बरे. उजनीत एकूण सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते. हा आकडा ऐकून छाती भरून येते. पण त्यापैकी सुमारे ६३ टीएमसी मृत साठा आहे आणि उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी एवढाच आहे. मृत साठा म्हणजे धरणाच्या तळाचे, वर्षाच्या वापरासाठी न धरलेले पाणी. त्यात गाळ बसतो आणि त्याच्यावर पाण्याची पातळी उभी राहते. घरातल्या भाषेत सांगायचे तर ती पेटीच्या तळाशी बांधून ठेवलेली पुरचुंडी आहे. वर्तमानपत्रांत उजनी शून्य टक्के असे जेव्हा छापून येते, तेव्हा धरण कोरडे झालेले नसते. वरची रक्कम संपून पुरचुंडीला हात लागलेला असतो. पुढे उणे दहा, उणे वीस असे आकडे येऊ लागतात. उणे पन्नास म्हणजे उपयुक्त साठ्याच्या निम्म्याएवढे, सुमारे २७ टीएमसी पाणी, त्या पुरचुंडीतून काढून खर्च झाले. आपल्या मापाने दीड कोटी माणसांचे वर्षाचे पाणी होते हे. २०२३ च्या पावसाळ्यात उजनी पूर्ण भरले नाही, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात हा आकडा उणे पन्नासाच्याही पलीकडे गेला. त्याच २०२४ च्या ऑगस्टात धरण काठोकाठ भरले आणि लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तो निःश्वास टाकताना आपण एक गोष्ट विसरलो. त्या भरलेल्या धरणाने आधी मागचे कर्ज फेडले, आणि मग नव्या वर्षाची जमा धरली.

जमेतून खर्चाआधीच काही रकमा वजा होतात. त्या कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीत, म्हणून एकेक सांगतो.

पहिली वजावट सूर्याची. आपल्या पठारावर उघड्या जलाशयावरून वर्षाला दीड मीटर किंवा त्याहून अधिक उंचीचे पाणी वाफ होऊन जाते. एक चौरस किलोमीटर पसरलेल्या पाण्यातून दीड मीटर उडाले तर ते १५० कोटी लिटर होते. असे एकोणीस चौरस किलोमीटर मिळाले की एक टीएमसी गेला. मावळातील धरणे दऱ्यांत आहेत, खोल आणि अरुंद. त्यांच्यावर सूर्याला बसायला जागा थोडी. उजनीचे पाणी सपाट मुलखात परातीसारखे पसरलेले आहे. उसाचा नव्हे, भुसाराचा नव्हे, असा हा मोठा खर्च कोणत्याही शेतकऱ्याच्या नावावर पडत नाही आणि तो कोणाला माफही करता येत नाही.

दुसरी वजावट पश्चिमेची. मुळशी, ठोकळवाडी, शिरवटा, वळवण येथील पाणी पूर्वेकडे न जाता बोगद्यांतून आणि नळांतून घाटाखाली कोकणात सोडतात आणि त्यावर वीज होते. खोपोलीचे वीजघर १९१५ चे, भिवपुरीचे १९२२ चे, भिऱ्याचे १९२७ चे. या विजेवर मुंबईच्या गिरण्या आणि आगगाड्या चालल्या, हे विसरून चालणार नाही. मुळशीच्या मावळ्यांनी आपल्या जमिनींसाठी १९२१ साली सत्याग्रह केला, सेनापती बापट त्याचे पुढारी झाले, हेही विसरून चालणार नाही. कृष्णा पाणीवाटप लवादाने या वळवलेल्या पाण्याला मर्यादा घातली, ती सरासरीने वर्षाला सुमारे ४२ टीएमसी पडते. खडकवासल्याच्या चारी धरणांत मिळून जेवढे पाणी मावते, त्याच्या जवळजवळ दीडपट पाणी भीमेच्या माथ्यावरूनच तोंड फिरवते.

तिसरी वजावट खालच्या गावांच्या हक्काची. नदी आपल्या राज्याच्या हद्दीपाशी थांबत नाही. न्यायमूर्ती बचावतांच्या लवादाने १९७३ च्या निवाड्यात कृष्णेच्या सगळ्या खोऱ्याचे पाणी २,०६० टीएमसी धरले आणि त्यातले ५६० महाराष्ट्राच्या वाट्याला दिले. भीमेवरही वेगळी मर्यादा घातली. हा २,०६० चा आकडा सरासरी पावसाचा नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तो ७५ टक्के भरवशाचा आकडा आहे. म्हणजे शंभरातल्या पंचाहत्तर वर्षी एवढे पाणी मिळेल, आणि उरलेल्या पंचवीस वर्षी त्याहून कमी मिळेल. आपली पुष्कळशी धरणे याच धोरणावर आखलेली आहेत. तेव्हा चार वर्षांपैकी एक वर्ष तुटीचे जाणार, हे धरण बांधतानाच कागदावर लिहिलेले असते. ते वर्ष आले म्हणजे आपण त्याला अस्मानी म्हणतो. ज्याची तारीख तेवढी माहीत नव्हती पण ज्याचे येणे ठरलेले होते, त्याला अस्मानी म्हणणे कितपत बरोबर?

चौथी वजावट जमिनीच्या पोटाची. आपला प्रदेश काळ्या पाषाणाचा. वरचा मुरूम आणि झिजलेला खडक पाणी धरतो, त्याखालचा घट्ट दगड फारच थोडे धरतो. विहीर आणि कालवा यांची खाती आपण वेगळी मानतो, पण विहिरीचे बरेचसे पाणी पावसाचे नाही तर कालव्याच्या पाझराचे असते, आणि उन्हाळ्यात ओढ्यानदीला जी धार राहते ती याच झिरप्याची. शंभर फुटांवरची विहीर आटली म्हणून पाचशे फुटांवर विंधनविहीर घेतली, तर नवे पाणी मिळत नाही. शेजाऱ्याच्या खात्यातून रक्कम आपल्या खात्यात येते, आणि ओढ्याचा पहिला हक्क बुडतो. अलीकडे शेततळ्यांना प्लॅस्टिकचा कागद घालून ती विहिरीच्या पाण्याने भरण्याची चाल पडली आहे. जमिनीखाली थंडाव्यात असलेले पाणी वर काढून उन्हात मांडून ठेवण्याचा तो प्रकार आहे.

आता खर्चाकडे वळू, आणि प्रथम आपल्याच घराकडे पाहू. पुणे शहर खडकवासल्याच्या साखळीतून वर्षाला पंधरा टीएमसीहून अधिक पाणी घेते. मघाशी घातलेल्या मापाने पंधरा टीएमसी म्हणजे सुमारे ८६ लाख माणसांचे पाणी झाले. २०११ च्या गणनेत शहराची वस्ती ३१ लाख होती. पुढे २०१७ आणि २०२१ साली पुष्कळ गावे शहरात आली आणि वस्ती वाढली, पण ती ८६ लाखांवर गेली असे कोणी म्हणणार नाही. कारखाने, रुग्णालये, वसतिगृहे, छावणी यांचा खर्च यात आहे हे खरे. तरीही जमिनीखालच्या जुन्या नळांतून झिरपणारे पाणी, मीटर नसलेल्या जोडण्या आणि गच्चीवरच्या टाकीतून रात्रभर वाहणारे पाणी, हे सगळे त्या फरकात बसलेले आहे. कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या दौंड-इंदापूरच्या शेतकऱ्याला पुणेकरांचा राग येतो तेव्हा तो आपल्या तहानेवर रागावत नाही, या फरकावर रागावतो.

शहर पाणी पिते आणि त्यातले बरेचसे सांडपाणी होऊन मुळा-मुठेत परत जाते. तेच पुढे भीमेला आणि उजनीला मिळते. हे पाणी कोणाच्या खात्यात धरायचे? २०२१ साली हा प्रश्न अगदी उघडा झाला. शहराकडून उजनीत येणाऱ्या सांडपाण्याच्या आधाराने पाच टीएमसी पाणी इंदापूर भागाला देण्याचा निर्णय झाला. सोलापूर जिल्ह्याने त्याला कडाडून विरोध केला. हे पाणी उजनीच्या हिशेबात आधीच धरलेले आहे, ते दुसऱ्यांदा कसे देता, असा त्यांचा सवाल होता. थोड्याच दिवसांत तो निर्णय रद्द करावा लागला. बाजू कोणाची बरोबर हे आज ठरवण्याचे कारण नाही. एकाच पाण्याची दोन गावांच्या वहीत जमा होऊ शकते, एवढे यावरून आपण शिकावे. मुंढव्याजवळून शुद्ध केलेले सांडपाणी उचलून जुन्या कालव्याने दौंडच्या बाजूला शेतीला द्यावयाचे, ही योजना योग्य दिशेची आहे. पण शहराने परत दिलेले पाणी शेताला चालेल इतके स्वच्छ असले पाहिजे. काळे पाणी परत करून कर्ज फिटले असे म्हणता येणार नाही.

शेतीचा खर्च शहराच्या कित्येक पट आहे, आणि त्यात ऊस सर्वांत मोठा. आम्ही उसाविरुद्ध बोलायला आलेलो नाही. उसाने या खोऱ्यात साखर कारखाने आणले, शाळा-महाविद्यालये आणली, कुणब्याच्या पोराला शिकवले. सोलापूर जिल्ह्याइतके कारखाने राज्यातल्या दुसऱ्या जिल्ह्यात नाहीत. शेतकरी ऊस का लावतो, हेही उघड आहे. उसाला कायद्याने ठरलेला दर आहे आणि तो विकत घेणारा कारखाना दारात आहे. ज्वारीचा भाव सरकार जाहीर करते, पण त्या भावाने घेणारा दारात उभा नसतो. अशा वेळी पाणी हाताशी असताना ज्वारी पेरा म्हणून शहाणपण सांगणे सोपे आहे.

पण हिशेब तो हिशेब. उसाला वर्षभरात सुमारे दोन मीटर उंचीचे पाणी लागते. पूर्वेच्या भागात पावसाचे अर्धा मीटर धरले तर दीड मीटर कालव्यातून किंवा विहिरीतून द्यावे लागते. एकरी हे सुमारे ६० लाख लिटर झाले. पाच माणसांच्या कुटुंबाला शहरी प्रमाणाने वर्षाला अडीच लाख लिटरही लागत नाही. म्हणजे एक एकर ऊस दोन डझन कुटुंबांचे पाणी घेतो. हे पाणी शेतात पोचले असे धरून सांगितले; मातीच्या कालव्यातून जाताना निम्मे वाटेतच मुरते, ते वेगळे. राज्याच्या लागवडीखालच्या जमिनीत उसाचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास आहे, आणि सिंचनाच्या पाण्यात मात्र तो निम्म्याहून मोठा आहे. दुसरीकडे मंगळवेढ्याची ज्वारी पाहा. काळ्या भारी जमिनीत पावसाचे मुरलेले पाणी, थंडीतले दव आणि शेतकऱ्याची मशागत यांवर ती उभी राहते. कालव्याची पाळी तिला मिळाली तर बरे, न मिळाली तरी घरचे धान्य निघते. २०१६ साली या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले.

उसाच्या पाण्याचे प्रमाण मोठे आहे, ही त्याची अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी आहे वेळेची, आणि आमच्या मते ती अधिक महत्त्वाची. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लावतात आणि तो पंधरा ते अठरा महिने शेतात उभा राहतो. म्हणजे तो १५ ऑक्टोबरच्या आधी लावलेला असतो. धरणात किती पाणी येणार हे कळण्याआधीच वर्षभराचा, किंबहुना पुढच्या वर्षाचाही काही खर्च ठरून गेलेला असतो. शेठजींच्या भाषेत ही न आलेल्या पैशावर काढलेली हुंडी होय. पाऊस चांगला झाला तर ती वटते. तुटीचे वर्ष आले, आणि ते चारांत एकदा यायचेच, तर उभे पीक वाळू द्यायला कोणाचाही जीव धजत नाही. शेतकऱ्याचे सगळे भांडवल त्यात अडकलेले असते. मग मोर्चे निघतात, आमदार भांडतात, आणि शेवटी पेटीच्या तळाची पुरचुंडी सुटते. मृत साठ्याला हात घालणारा मनुष्य बेफिकीर असतो असे नाही. त्याला दुसरी वाट ठेवलेली नसते. कालवा सल्लागार समितीची बैठक होऊन पाळ्या ठरतात खऱ्या, पण तोवर पुष्कळसे निर्णय शेतांत उगवून गुडघाभर वाढलेले असतात.

शहराचा खर्चही अशाच जातीचा आहे, हे येथे कबूल केले पाहिजे. इमारतीला परवानगी देताना पुढच्या पन्नास वर्षांच्या पाण्याची हुंडी आपण लिहून देतो, आणि पाणी कोठून येणार याचा विचार नळजोडणीच्या वेळी करतो. उसाची हुंडी दीड वर्षांची असते, घराची जन्माची.

सोलापूरची गोष्ट याहून करुण आहे. त्या शहरासाठी उजनीतून नदीत पाणी सोडीत आणि ते शंभराहून अधिक किलोमीटर वाहत जाऊन टाकळी-औजच्या बंधाऱ्यात पोचे. वाटेतली वाळू आणि काठांवरचे पंप आपापला वाटा घेत. शहराच्या मुखी एक भाग पाणी पडावे म्हणून अनेक भाग सोडावे लागत. नळाने थेट पाणी नेण्याची सोय झाली तसतसा हा तोटा कमी व्हावयास हवा. पण नदीत सोडलेल्या त्या पाण्यावर काठच्या गावांनीही आपले संसार बसवले आहेत. तोटा म्हणून आपण जे खाती मांडतो, ते कोणाचे तरी उत्पन्न असते. म्हणून पाण्याचा हिशेब नुसत्या इंजिनिअरावर सोपवता येत नाही. सगळ्या गावांना एका ओळीत बसवूनच तो करावा लागतो.

असे कोणी केले आहे काय? केले आहे, आणि दूर जायला नको. विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या नोकरीत असताना त्यांनी खडकवासल्याला १९०३ साली आपोआप उघडणारे दरवाजे बसवले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. नीरा कालव्यावर त्यांनी ब्लॉक पद्धत सुचवली, ती मात्र कमी लोक जाणतात. कालव्याखालच्या जमिनीचे गट पाडावे, गटाच्या काही भागातच ऊस घ्यावा, उरलेल्या जमिनीत हलकी पिके घ्यावी आणि त्यांची अदलाबदल करावी. म्हणजे पाणी अधिक गावांना पोचेल आणि जमिनीही बिघडणार नाहीत, असा तिचा हेतू होता. उसाला पाणी भरभरून दिल्याने नीरेच्या काठच्या किती जमिनी खारावल्या आणि पाणथळ झाल्या, हे पुढच्या काळाने पाहिलेच.

दुसरे उदाहरण पुरंदरचे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावला पाणी पंचायतीचा प्रयोग केला. कऱ्हेच्या, म्हणजे नीरेच्या उपनदीच्या, कोरड्या मुलखातले हे गाव. पाणी जमिनीच्या मानाने न देता घरातल्या माणसांच्या मानाने द्यावयाचे, माणशी अर्ध्या एकरापुरते, भूमिहीनालाही वाटा, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही, आणि ऊस घ्यायचा नाही. आधी माणसे मोजली, मग पाणी मोजले आणि शेवटी पीक ठरवले. आजीच्या पायलीचाच हा हिशेब होता. तिसरे उदाहरण नगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचे. तेथे दरवर्षी पाऊस मोजतात, गावाच्या विहिरींतले पाणी पाहतात आणि त्यावरून कोणते पीक किती घ्यावयाचे हे ग्रामसभेत ठरवतात. पाऊस कमी पडला तर पीक बदलते. गाव लहान आहे, हे खरे. पण ताळेबंद लहान दुकानाला लागतो आणि मोठ्या पेढीला लागत नाही, असे कोणी म्हणेल काय?

भीमेच्या सगळ्या खोऱ्याला एवढे शिस्तीचे होणे एका वर्षात साधणार नाही. तरी तीन गोष्टींचा आग्रह आपण नागरिकांनी धरावा असे आम्हांला वाटते.

पहिली गोष्ट, १५ ऑक्टोबरच्या साठ्याचा जमाखर्च प्रत्येक धरणावार, सोप्या मराठीत, लोकांपुढे मांडला जावा. किती जमा झाले, वाफेला किती धरले, पिण्याला किती, कोणत्या हंगामाला किती, आणि पुढच्या वर्षासाठी मागे किती ठेवले, हे त्यात असावे. हा शेवटचा रकाना आज कोरा असतो. चौथे वर्ष तुटीचे जाणार हे ठाऊक असूनही आधीच्या तीन भरल्या वर्षांत त्याच्यासाठी आपण काही बाजूला काढीत नाही.

दुसरी गोष्ट, बारमाही पिकांची परवानगी भरवशाच्या पाण्यापुरतीच असावी. चांगल्या वर्षी जे अधिक पाणी येते ते त्याच हंगामात संपणाऱ्या पिकांना द्यावे. ज्याला ऊस लावायचा आहे त्याने ठिबकाने पाणी द्यावे, आणि ज्याने ज्वारी, हरभरा, करडई पेरली त्याच्या मालाला ठरलेल्या भावाने घेणारा मिळावा. दुसरी तरतूद न करता पहिली करणे हा शेतकऱ्यावर अन्याय होईल.

तिसरी गोष्ट शहराची, म्हणजे आपली. प्रत्येक जोडणीला मीटर, गळतीचा दरवर्षी जाहीर हिशेब, आणि घेतलेल्या पाण्यापैकी किती शुद्ध करून परत दिले याची पावती. शहराला पहिला हक्क आहे. पिण्याच्या पाण्याला पहिला मान देणे हे कायद्याला आणि धर्माला धरूनच आहे. पण पहिल्या पंक्तीला बसणाऱ्याने मागची पंक्त उपाशी आहे हे पाहून वाढून घ्यावे, एवढी रीत आपल्या घरांत अजून शिल्लक आहे. ती नळापाशी का नसावी?

येत्या काही आठवड्यांत मृगाचा पाऊस येईल, आणि धरणे भरू लागली की टक्केवारीच्या बातम्या आतल्या पानावर जातील. तुम्ही-आम्ही तो विषय तेथेच सोडणार. आमची विनंती एवढीच, की तो १५ ऑक्टोबरपर्यंत सोडू नये. त्या दिवशी आपल्या नगरसेवकाला, आमदाराला आणि पाटबंधाऱ्याच्या कचेरीला प्रत्येकाने एक पत्र लिहावे आणि विचारावे, की यंदाच्या जमेतून पुढच्या उन्हाळ्यासाठी काय ठेवले? दहा जणांनी विचारले तर उत्तर येणार नाही. दहा हजारांनी विचारले तर वही उघडावीच लागेल, आणि ती उघडली म्हणजे इंदापूरचा शेतकरी, सोलापूरची गृहिणी आणि पुण्याचा भाडेकरू ही तिघे एकाच पानावर आहेत, हे सर्वांना दिसेल.